स्थळासाठी काढलेला फोटो

मी पडले ती थेट अण्णांच्या पायांशी.

थंडीतली सकाळ. हेंद्रेपाड्याहून नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर धुकं होतं, आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी... डोळे उघडले तेव्हा कट्ट्यावर बसलेले एक आजोबा, म्हणजेच अण्णा, माझ्याकडे वाकून बघत होते आणि त्यांचा मुलगा मला पाणी पाजत होता.

"काल काय जेवलात?" मुलाने विचारलं.

"गुरुवार होता. उपास."

"आणि परवा?"

"परवाही... उपासच."

"बुधवारी? बुधवारी कोणाचा उपास धरता?"

"स्थळाचा," माझ्या तोंडून निघून गेलं.

मग सगळंच सांगितलं. डोंबिवलीच्या स्थळाकडून मुलाच्या आईचा निरोप आला होता, 'राजसी छान आहे, जरा वजन उतरलं की फुल साइज फोटो पाठवा.' चौतिशीत असं स्थळ पुन्हा येणार नाही, असं आईचं म्हणणं. म्हणून मी उपास धरले. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, संध्याकाळी शेंगदाण्याचे लाडू. वजन वाढलंच! मग रागाने जेवणच सोडलं.

तो हसला नाही. निदान तोंडाने तरी नाही. खिशातून भाजलेल्या चण्यांची पुडी काढून त्याने माझ्यापुढे धरली.

"खा. अण्णांना शुगर आहे, म्हणून जवळ ठेवतो."

"पण वजन..."

"उद्या पुन्हा पडलात तर मी उचलणार नाही हां. आज उचलून बघितलंय."

लाजावं की चिडावं, कळेना. मी चणे खाल्ले.

त्याचं नाव उन्मेष. राहायला बेलवलीत, अंबरनाथच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. माणसांना पडू न देणं हीच त्याची नोकरी!

दुसऱ्या दिवशी मी आभार मानायला गेले. तिसऱ्या दिवशी काही कारण नव्हतं, तरी गेले. अण्णा कट्ट्यावर बसून राहायचे, आम्ही नदीपर्यंत जाऊन यायचो. सुरुवातीला मी विजेच्या प्रत्येक खांबाला टेकायची. पुढे पुढे चालताना बोलायला दम उरू लागला, आणि बोलायला तर खूपच होतं... घरी ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, काकडी, रात्रीचं जेवण लवकर. पोटभर खाऊनही वजन उतरतं, हे आईला पटेना. उतरत होतं, पण अगदी सावकाश.

"माझ्याबरोबर हळू चालून कंटाळत नाहीस?"

"अण्णांपेक्षा तू फास्ट आहेस."

"थँक्यू हं!"

आंब्यांना मोहोर आला आणि डोंबिवलीहून फोनही आला. फोटो पाठवा. आईने मला मोरपंखी कुर्ता घालायला लावला. मी तशीच नदीवर गेले.

"उन्मेष, तुझ्या मोबाइलवर काढ ना. तुझा कॅमेरा चांगला आहे."

त्याने मोबाइल काढला. म्हणाला, "सरळ उभी राहा. हस... तशी नको. अण्णांच्या पाणचट जोकवर हसतेस ना, तशी."

मी हसले. त्याने फोटो काढला आणि मोबाइल खिशात टाकला.

"पाठव ना मला."

"नाही पाठवत."

"का? जाडी दिसतेय?"

"छान दिसतेयस. म्हणूनच तर—" तो नदीकडे बघू लागला. "राजसी, तू पडलीस ना त्या दिवशी... तेव्हा होतीस तशीही मला चालली असतीस. उपाशी होतीस, तेवढंच बघवलं नाही."

मी जवळच्या खांबाला टेकले. गंमत म्हणजे, त्या दिवशी मी पोटभर नाश्ता करून आले होते.

आम्ही परत फिरलो. आमचे चेहरे बघून अण्णा कट्ट्यावरूनच ओरडले, "अरे, विचारलंस की नाही तिला? का मी विचारू?"

"घरी काय सांगू मी?" मी पुटपुटले.

"सांग, फोटो दिला एकाला. त्याला पसंत आहे."

मी हात पुढे केला. त्याला वाटलं, मोबाइल मागतेय.

"चणे दे," म्हटलं. "भूक लागलीय."

त्याने अख्खी पुडी माझ्या ओंजळीत रिकामी केली. चणे खाता खाता मी डोंबिवलीच्या त्या बाईंना मनातल्या मनात हात जोडले. त्यांनी मला तेव्हाच पसंत केलं असतं तर...