गुरुवारची सव्वादोनची लाईट

भुतं रात्री येतात असं ज्यांनी ठरवून टाकलं, ते मे महिन्यात उंद्रीला कधी मुक्कामाला नसावेत. मे महिन्यात रात्री अख्खं गाव गच्चीवर असतं. कोण घोरतं, कोण कुशी बदलतं, कोण सुनेला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात सुनेबद्दल बोलतं, सगळं चार घरं पलीकडे ऐकू येतं. एवढ्या वर्दळीत भुतानं यायचं तरी कुठून? सामसूम असते ती दुपारी बारा ते चार. रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, दारं लोटलेली असतात, आणि कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास घराघरातून नुसता साचून राहिलेला असतो. गुलाबराव हिवाळे यांच्या घरी जे घडलं ते या वेळात, लख्ख उजेडात घडलं.

सुरुवात अगदी साध्या कामापासून झाली. फोनची बॅटरी तपासायची होती.

गुलाबराव वीज खात्याच्या एका उपविभागात चौतीस वर्षं कारकून होते. निवृत्तीला सात वर्षं झाली, पत्नी बेबीताई जाऊन तीन. मुलगी महामाया नागपूरला दवाखान्यात परिचारिका. दोन वर्षांपूर्वी तिनंच हा फोन आणून दिला आणि नियम लावला, की रोज संध्याकाळी पाचला ती फोन करणार आणि बाबांनी तो उचलायचा. एप्रिलमध्ये दोनदा पाचला फोन बंद लागला. दुसऱ्या वेळी तिनं शेजारच्या अब्दुल गनींना पळवलं. ते एका पायात चप्पल घालून धावत आले, तेव्हा गुलाबराव ओसरीत शेंगा फोडत बसले होते.

"जिते हायेत," अब्दुल गनींनी फोनवर अहवाल दिला. "शेंगा खाऊन राह्यले. मले इचारलं बी नाही."

महामायाला हसू आलं नाही. "बाबा, आता तिसऱ्या डाव फोन बंद लागला ना, तं मी गाडी घेऊन येईन. अन् तुमाले घेऊनच जाईन. मंग बोलाचं नाही."

गुलाबरावांनी नागपूरचा फ्लॅट पाहिलेला होता. चौथा मजला. दार उघडलं की समोर लिफ्ट, आणि लिफ्टमध्ये आरसा. माणसानं दिवसातून चार वेळा स्वतःलाच भेटायचं. इथं त्यांची खुर्ची होती, दोन कपाटं पुस्तकं होती, अंगणात सीताफळाचं झाड होतं, आणि दिवसभर कोणी काही विचारत नव्हतं. त्यांना इथंच बरं वाटायचं. तेव्हा त्या बॅटरीच्या प्रकृतीवर त्यांचा पुढचा सगळा मुक्काम अवलंबून होता.

बसस्टँडसमोर हीनाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. हीना अब्दुल गनींची धाकटी. लहानपणी तिनं गुलाबरावांचा रेडिओ खोलून ठेवला होता. तेव्हा मार खाल्ला, आता त्याच गुणाचे पैसे घेते. तिनं फोन आपल्या यंत्राला जोडला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काका, किती साल झाले याले?"

"दोन."

"ह्या बॅटरीचे तं साडेतेराशे फेरे झाले. एक फेरा म्हंजे समजा एक डाव पुरी चार्जिंग. दोन सालात एवढे? एकसष्ट टक्केच राह्यली हो ती. दिवसातून किती डाव लावता?"

"एकदा. रातच्याला साडेनवाले."

"मंग दुसऱ्यांदा कोण लावते?"

"घरात मी हावो अन् एक पाल हाय," गुलाबराव म्हणाले. "पालीवर संशय घेता येते. पण ती भिंतीवरून उतरत नाही."

हीना हसली. तिनं फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. चार्जिंग कधी सुरू झालं, कधी सुटलं, किती तापलं, सगळ्याची ते रोज नोंद ठेवणार होतं. हजेरीचं मस्टरच म्हणा ना. "नवी बॅटरी अकोल्यावरून मागवतो. तवर हे पाहू, चोर कोण हाय ते."

आठ दिवसांनी, बुधवारी सकाळी, गुलाबराव परत गेले. बॅटरी आलेली नव्हती, शनिवारी यायची होती. मस्टर मात्र भरलेलं होतं. हीनानं ते वरून खाली दोनदा वाचलं.

"काका, रातचं साडेनऊ बराबर हाय. पण दुपारी बी लागते. रोज दोन घंटे. वेळ बदलते." तिनं बोट सरकवलं. "अन् हे पाहा... चार्जिंगले लावलं का फोन तापते. तुमचा दुपारचा थंडा होते. एकोणीस. बाहीर त्रेचाळीस अन् फोन एकोणीस. फ्रिजमंदी ठेवता काय?"

गुलाबरावांनी चष्मा पुसला. दुपारी बारा ते चार ते झोपतात, फोन उशाशी असतो, चार्जर स्वयंपाकघरात असतो. हे त्यांनी हीनाला सांगितलं नाही. त्यांनी वेळा वाचल्या. सोमवार, मंगळवार सव्वाअकरा ते सव्वाएक. त्या दोन दिवशी आपण त्या वेळी गावात होतो आणि फोन घरी राहिला होता, हे त्यांना आठवलं. बुधवार सव्वाबारा ते सव्वादोन. शुक्रवार, शनिवार सव्वाएक ते सव्वातीन. रविवारी नोंद नाही.

आणि गुरुवार. सव्वादोन ते सव्वाचार.

त्या आकड्यांवरून त्यांची नजर हलेना. हे कोष्टक त्यांना पाठ होतं. ते त्यांनीच टाईप केलेलं होतं.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी भारनियमन ऐन भरात होतं. या भागात दुपारी वीज असायची ती दोन तास, आणि कोणत्या दिवशी कोणते दोन तास, त्याचं पत्रक गुलाबराव काढायचे. गुरुवारच्या ओळीत सव्वाबाराच्या जागी त्यांच्या हातून सव्वादोन पडलं. एवढंच. दुसऱ्याच दिवशी पिठाच्या गिरणीवाल्यांसह अकरा जणांचा मोर्चा आला, साहेब ओरडले, तिसऱ्या दिवशी सुधारित पत्रक निघालं. सगळ्या गावानं ते लावलं. एका घरानं नाही लावलं.

बेबीताईंनी पहिलंच पत्रक स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. गुलाबराव सुधारित घेऊन आले, तर म्हणाल्या, "हे राहू द्या. तुमी चुकसान काय?" आणि दर गुरुवारी सव्वादोनला त्या गुलाबरावांचा बटणाचा फोन त्या मेलेल्या सॉकेटला लावायच्या. सॉकेट ढिलं होतं, त्यात कागदाची घडी खोचायच्या, खट्ट करून बटण दाबायच्या आणि शेजारी पाटावर बसून राहायच्या. सव्वाचारला काढायच्या.

"आली काय लाईट?" गुलाबराव चारचौघांत विचारायचे, मुद्दाम.

"येईन कवातरी. आमच्या मानसानं टाईप केलं हाय."

लोक हसायचे. सगळ्यांत मोठ्यानं गुलाबराव हसायचे.

बुधवारी घरी येऊन त्यांनी कपाट उघडलं. कागद पिवळा पडला होता, पण खाली त्यांची सही शाबूत होती. त्यांनी फोनवरच्या नोंदी आणि पत्रक ओळीनं ताडून पाहिलं. फरक शून्य. कारकुनाला अशा वेळी समाधान वाटतं, तसं ते त्यांना वाटलंही. मग अडचण लक्षात आली. गुलाबराव दर पौर्णिमेला विहारात वंदनेला जाणारे, आत्मा नावाची वस्तू नसते यावर त्यांनी तिथं पाऊण तास भाषण दिलेलं. तेव्हा बेबीताईंचा आत्मा येतो असं म्हणायची सोय नव्हती. नियमात बसत नव्हतं. त्यांनी प्रकरण मनातल्या मनात 'इतर' या फायलीत घातलं, आणि बऱ्याच दिवसांनी दोन भाकरी खाल्ल्या.

त्याच संध्याकाळी वादळ आलं. अर्ध्या तासात चार खांब आडवे झाले आणि गावाची वीज गेली. रात्री साडेनवाला त्यांनी सवयीनं फोन चार्जरला लावला, पण तो लावून न लावल्यासारखाच. गुरुवारी सकाळपर्यंत लोकांचे इन्व्हर्टर विझले. हीनाच्या दुकानाला कुलूप होतं, ती सोनाळ्याला लग्नाला गेली होती. अब्दुल गनींनी रात्रभर फोनवर कुस्त्या पाहिल्या होत्या, त्यामुळे त्यांचा फोन पहाटेच चीत झाला होता.

अकरा वाजता गुलाबरावांच्या फोनवर तीन टक्के उरले. लेकीला आधीच सांगून ठेवावं म्हणून त्यांनी फोन लावला. ती कामावर होती. चार रिंगा वाजल्या आणि फोन विझला.

तेव्हा कुठे त्यांना आपण काय केलं ते उमगलं. महामाया बाहेर येऊन पाहणार ती काय? बापाचा अकरा वाजता आलेला, न उचललेला फोन. आणि उलट लावला तर बंद. ती गाडी काढणार. पाचला लागला तर वाचलो, नाही तर चौथा मजला आणि लिफ्टमधला आरसा.

खांब उभे करायला संध्याकाळ होणार, हे चौतीस वर्षांच्या अनुभवावरून त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

दोनला दहा कमी असताना ते स्वयंपाकघरात गेले. कूलर बंद असल्यानं घरात एक वेगळीच शांतता होती. घड्याळाचा काटासुद्धा पाय न वाजवता चालल्यासारखा. त्यांनी फोन ओट्यावर ठेवला. शेजारी चार्जर ठेवला, गुंडाळलेलाच. सॉकेटला लावला नाही. कपाटाचं दार उघडं ठेवलं.

"गुरुवार हाय," ते म्हणाले. आवाज दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा निघाला. "मी... मी हसणार नाही आता."

मग बाहेरच्या खोलीत येऊन, स्वयंपाकघराकडे पाठ करून, खुर्चीत बसले. काम करताना कोणी पाहत उभं राहिलेलं बेबीताईंना खपायचं नाही.

दोन वाजले. दोन वाजून दहा. खिडकीच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं. बेबीताई केसांना लावायच्या त्या कापराच्या तेलाचा वास आला... आधी वाटलं, भास. मग मानेला गारवा लागला, माठाजवळून उठून कोणी मागून गेल्यासारखा. स्वयंपाकघरात पाट सरकला. अगदी थोडासा. कागदाची घडी घातल्याचा आवाज. आणि मग,

खट्ट.

गुलाबराव वळले नाहीत. हातांवर काटा उभा होता, पण पाय मात्र पसरून सैल पडले होते. दुपारी या घरात कोणी जागं असलं की त्यांना पूर्वी अशीच झोप लागायची. ती लागली.

जाग आली ती फोनच्या रिंगेनं. पाच वाजले होते. ते लगबगीनं आत गेले. चार्जर सॉकेटमध्ये होता, कागदाची घडी खोचलेली होती. वायरचं दुसरं टोक मात्र ओट्यावर मोकळं पडलेलं होतं आणि फोन त्याच्यापासून वीतभर लांब वाजत होता. शंभर टक्के.

"बाबा! कुठी होते? अकरापासून बंद... मी ड्युटी सुटल्यावर निघाली, कोंढाळीपर्यंत आली ना!"

"लाईट नव्हती, बेटा. वादळानं खांब पडले."

"अजून नाही?"

"गावात नाही."

"मंग फोन कसा चालू?"

गुलाबरावांनी पाटाकडे पाहिलं. तो भिंतीपासून सरकून सॉकेटखाली आलेला होता.

"तुयी आई म्हणे ना... गुरुवारी सव्वादोनले येते."

 मग महामाया हसली, रडल्यासारखी. "तुमी ना बाबा... बरं हाय ना सगळं?"

"लय बरं हाय."

ती तिथूनच माघारी फिरली.

फोन घेऊन ते अंगणात आले. कुंपणापलीकडून अब्दुल गनी ओरडले, "हिवाळे, लाईट आली काय?"

"आमच्याकडं आली."

"अन् आमच्याकडं?"

"तुमी सुधारित पत्रक लावलं होतं, गनीभाई."

अब्दुल गनींना काही समजलं नाही. गुलाबरावांनी कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांना चहाला बोलावलं.

शनिवारी नवी बॅटरी आली. "राहू दे," गुलाबराव म्हणाले. "जुनी चालते. मी रातचं लावणं बी बंद केलं आता." तरी हीनानं सवयीनं फोन हातात घेतला आणि पुन्हा टेबलावर ठेवून बोटं चोळली. गार होता. पडद्याच्या कोपऱ्यात चार्जिंगची ती विजेची खूण पेटलेली होती. वायर कुठेच नव्हती.

"कवापासून दिसते हे?"

"परवापासून."

तिनं मस्टर उघडलं. आधीच्या ओळींमध्ये दोन्ही रकाने भरलेले होते, सुरू आणि बंद. शेवटची ओळ गुरुवारची. सुरू, सव्वादोन. पुढचा रकाना रिकामा.

"काका... हे सुटलंच नाही."

गुलाबराव दुकानासमोरच्या उन्हाकडे पाहत होते. चेहरा शांत होता, थोडा खूषसुद्धा. मस्टरवर येण्याची वेळ आहे आणि जाण्याची नाही, याचा अर्थ चौतीस वर्षं त्यांनी एकच लावला होता. माणूस अजून आत आहे.

त्यांनी फोन उचलून शर्टाच्या खिशात टाकला. घराला कुलूप होतं. घरात कोणी नव्हतं. छातीवर तो खिसा ओलसर गार पडत गेला, आणि भरउन्हात चालताना त्यांना कापराच्या तेलाचा वास अगदी जवळून येत राहिला.