अठ्ठावीस रात्रींचा पाहुणा

"पाहुण्याला उशा दोन द्याव्यात आणि प्रश्न एकच विचारावा, जेवलात का? बाकीचं तो आपणहून सांगेल. नाही सांगितलं तर आपण समजून घ्यावं."

आईचा हा आवाज तिला खोलीतली चादर बदलताना हमखास ऐकू यायचा. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. मागची खोली चार-आठ दिवसांसाठी पाहुण्यांना द्यायचा परवाना आता मुलीच्या नावावर होता. दिवसा ती पडदे शिवायची आणि संध्याकाळी घर आवरायची. शहराचे नियम तिला तोंडपाठ होते. पाहुणा असेल त्या रात्री मालकाने त्याच घरात झोपायचं, आल्या-गेल्याची वहीत नोंद ठेवायची, आणि एका पाहुण्याला सलग अठ्ठावीस रात्रींच्या वर ठेवायचं नाही. भाऊ-वहिनी दर सणासुदीला बोलवायचे आणि ती दर वेळी म्हणायची, "पाहुणे आहेत, वहिनी. नियम आहे ना."

तो आला तेव्हा पावसाची झड लागली होती. हॉटेलवाल्यांनी त्याची खोली भलत्यालाच देऊन टाकली होती. माणूस नखशिखान्त भिजलेला, पण कोटाच्या आत धरलेली फाईल मात्र कोरडी ठाक.

"जेवलात का?" तिने विचारलं.

"नाही. पण प्रश्न विचारायला तर मी आलोय…" तो म्हणाला, आणि स्वतःच ओशाळला.

तो दुसऱ्या एका शहराच्या पालिकेत कारकून होता. तिथे अशा खोल्यांसाठी नवे नियम व्हायचे होते, म्हणून इथले नियम बघून दोन्ही शहरांचा तक्ता करायला त्याला पाठवलं होतं. शेजारच्या मावशींनी दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव 'तक्तेवाले' ठेवलं आणि ते चिकटलं. तो तिला 'मालकीणबाई' म्हणायचा, ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून.

पाच दिवसांचं काम होतं. पाचाचे दहा झाले, दहाचे पंधरा. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो पट्टीने रेघा आखायचा. डावीकडे तुमचं शहर, उजवीकडे माझं. तिच्या शहरात मालक घरात हवा. त्याच्या शहरात मालक कुठेही असो, दाराशी आकड्यांच्या कुलपाची पेटी आणि पेटीत किल्ली. वर्षाला एकशे वीस रात्रींची मर्यादा होती, पण मोजणार कोण?

मग तो आपल्या जिन्याबद्दल सांगायचा. सहा घरं, त्यातल्या पाचांना पेट्या. शेजारी दर तीन रात्रींनी बदलायचे. एकदा तो तापाने चार दिवस अंथरुणाला खिळला होता. चौथ्या दिवशी बेल वाजली तेव्हा त्याला बरं वाटलं, कुणीतरी चौकशीला आलं. दारात बॅगा घेतलेला एक अनोळखी माणूस, समोरच्या घरातला गीझर कसा लावायचा ते विचारत होता.

"मग?"

"मग काय, चादर गुंडाळून गेलो आणि लावून दिला."

ती खळखळून हसली. दिवा मालवल्यावर मात्र तिला ते हसणं बोचत राहिलं.

विसाव्या दिवशी त्याने पाहुण्यांच्या रात्री मोजायला नोंदवही मागितली. तिने ती अभिमानाने दिली. अक्षर मोत्यासारखं, कुठे खाडाखोड नाही. तो बराच वेळ पानं उलटत होता. तक्त्यातला पुढचा रकाना होता, 'या नियमाचा मालकाला जाच होतो का?' मुळीच नाही, ती म्हणाली. तीन वर्षांत एक रात्रही बाहेर काढली नव्हती, पण त्याचं काय एवढं?

"गेल्या वर्षी दोनशे रात्री खोली रिकामी होती," तो हळूच म्हणाला. "त्या रात्रींना तर नियम नव्हता, मालकीणबाई."

तिने वही मिटली आणि वाळत घातलेल्या चादरी काढायला निघून गेली. चादरी अजून दमट होत्या. राग त्याचा आला होता की खरं बोलला म्हणून आला होता, ते तिला उमगेना. सकाळी टेबलावर तक्ता पडलेला दिसला. तो रकाना त्याने कोराच ठेवला होता.

त्यानंतर ती दोघं बोलत राहिली, पण जरा जपून… जसं काठोकाठ भरलेलं भांडं उचलावं तसं.

"उद्या अठ्ठावीस रात्री पुऱ्या," शेवटच्या संध्याकाळी तिनेच विषय काढला.

"मोजलंय मी." तो पेन्सिलीशी चाळा करत होता. "तुमच्या नियमावलीत नववं कलम आहे. घरच्या माणसाला मर्यादा नाही. नातं तेवढं दाखवावं लागतं."

तिच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. "आज दाखवण्याजोगं काही नाही," ती म्हणाली. मग, त्याला ऐकू येईल न येईल अशा आवाजात, "आज."

त्याने ताणलं नाही. पुढच्या महिन्यात, दुसऱ्या मंगळवारी, त्याच्या पालिकेत नव्या नियमांवर सुनावणी होती. खोली देणारा कुणीही येऊन आपला अनुभव सांगू शकत होता.

"या तुम्ही," तो म्हणाला. "नियमासाठी या… नाहीतर तेही राहू दे. माझ्या दाराची बेल एकदा माझ्यासाठी वाजू दे."

तिने त्याच्यासमोरची पट्टी उचलून फाईलवर सरळ ठेवली.

"येईन," ती म्हणाली.

तो गेला आणि घर एकदम मोठं झालं. शिवणयंत्राचा आवाज भिंतींवर आपटून परत यायला लागला. त्याचा ना फोन, ना निरोप.

सुनावणीच्या आठ दिवस आधी एका वयस्कर जोडप्याची विचारणा आली. भली माणसं होती. सोमवार आणि मंगळवार, दोनच रात्री. तिचा जीव हलका झाला, आणि त्या हलकेपणाचीच तिला लाज वाटली. पाहुणे आहेत, नियम आहे, एवढं कळवलं असतं तरी त्याने चकार शब्द काढला नसता. त्याच्याच तक्त्यात ते लिहिलं होतं.

ती संध्याकाळभर नुसती बसून राहिली. आठवण करून देणाऱ्या माणसाला टाळता येतं. जो एकदा ऐकून घेतो आणि गप्प राहतो, त्याला कसं टाळायचं? तिने जोडप्याला पलीकडच्या गल्लीतल्या एका चांगल्या घराचा पत्ता दिला आणि आपल्याकडे जमणार नाही म्हणून माफी मागितली. कारण दिलं नाही. खोटं कारण देण्याची तिची सवय त्या दिवशी सुटली.

सोमवारी सकाळी दाराला कुलूप लावताना मावशींनी तिला गाठलंच.

"कुठे गं?"

"सुनावणीला. उद्या आहे."

"नव्या चपला घालून?"

ती लाजली, पण नाही म्हणाली नाही. पिशवी खांद्यावर नीट करून ती बसथांब्याच्या दिशेने चालू लागली.