पाठीखालची ऊब

मेलेले सर्किट बोर्ड जिवंत करतो म्हणून गल्लीत त्याला सगळे डॉक्टर म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते आवडे. त्यामुळे ताईने भाऊजींच्या श्वासाच्या मशीनचा बोर्ड टेबलावर ठेवला, तेव्हा त्याला नाही म्हणवेना. अंथरुणाला खिळलेले भाऊजी सध्या उसन्या मशीनवर होते. ते मशीन संध्याकाळी परत जाणार होतं आणि दुसरं कुठे मिळत नव्हतं. "आता तुझ्याच हातात आहे रे," एवढंच बोलून ताई घरी गेली.

चिप बदलली की काम होणार होतं. त्याने बोर्ड वरून-खालून उष्णता देऊन चिप सोडवणाऱ्या आयआर मशीनवर बसवला आणि चिपशेजारी तापमानाच्या सेन्सरची तार चिकटवली. आकडा आला छत्तीस. हीटर तर अजून लावलाच नव्हता आणि दुकानात चांगला गारठा होता. सेन्सर बिघडला असणार म्हणून त्याने तो पाण्याच्या ग्लासात बुडवला. अठरा. मुठीत धरला. चौतीस. सेन्सर ठणठणीत होता. बोर्डावर टेकवला की पुन्हा छत्तीस.

ताईने बोर्डाची पिशवी छातीशी धरून आणली असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. खालचा हीटर लावला, बोर्ड तापू दिला आणि मग वरचा उष्णतेचा तांबडा दिवा लावला.

आकडा दीडशेवर गेला तेव्हा ताईचा फोन आला. भाऊजींना एकाएकी ताप भरला होता. पांघरूण भिरकावत होते, वरून भाजतंय म्हणत होते. खऱ्या डॉक्टरला बोलाव, असं त्याने सांगितलं, पण नजर आकड्यावरून हटेना. दोनशे. चिपला धरून ठेवणारं कथील आता वितळणारच होतं. इथे थांबलं तर केलेली मेहनत पाण्यात.

फोनमधून भाऊजींची किंकाळी आली.

त्याने सगळं बंद केलं आणि सवयीने पंखा लावला. ताईने फोन ठेवलाच नव्हता. आकडा उतरत उतरत छत्तीसवर आला.

"घाम आला बघ. उतरला ताप," ताई म्हणाली.

पस्तीस.

"अरे, हात गार पडतायत यांचे."

तेहतीस. त्याने पंख्याची वायर उपटली. आकडा उतरतच राहिला. त्याने बोर्डावर दोन्ही तळवे दाबून धरले. एकतीस. पलीकडे ताई नुसत्या हाका मारत होती.

त्याने खालचा हीटर लावला, अगदी मंद.

बत्तीस. चौतीस. छत्तीस.

हाका थांबल्या. फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला.

"पाठीखालून बरी ऊब येतेय रे," भाऊजी म्हणाले. "एवढीच राहू दे."

भाऊजी त्याच्या दुकानात कधी आलेच नव्हते. त्याने चिपकडे पाहिलं. वरून उष्णता दिल्याशिवाय ती निघणार नव्हती, आणि बाहेर ऊन कलायला लागलं होतं.

"वरचा दिवा मात्र पुन्हा लावू नकोस."