भैयालाल उस्तादाची मशीन

पोरांनो, तो आवाज चंद्रकुमारनं पहिल्यांदा ऐकला, तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. खोकल्याचा आवाज. कोरड्या विहिरीत बादली आपटावी तसा... भैयालाल उस्ताद लेथ मशीनवर वाकून खोकायचा. आपल्या दवनीवाड्याचा चंद्रकुमार त्याच्या हाताखाली शिकायला गोंदियाला जायचा. राइस मिलचे शाफ्ट कातायचं काम. लोखंड तापू नये म्हणून वरून तेल मिसळलेलं, दुधासारखं पांढरं पाणी सोडत. तेच टाकीत पडे, तेच पंपानं पुन्हा वर येई. टाकी कोणी कधी उपसली नाही. कमी झालं की वरून ओतायचं. सोमवारी पंप लावला की कुजका वास सुटे, आणि त्या पाण्याचं धुकं थेट तोंडावर.

उस्ताद खोकून खोकून गेला. मशीन चंद्रकुमारकडे आली. काही वर्षांनी खोकलाही आला.

पण रविवारी घरी त्याला बरं वाटे. कारखान्याचा शेठ हसे, "संडे को चंगा, मंडे को बीमार? बहाना है तेरा!" बायको दुर्गेश्वरीही टोचून बोले, "आयतवारी खोकला कोठी जाते जी तुमचा?" डॉक्टरनं छातीचा फोटो पाहून सांगितलं, त्या घाण पाण्यानंच फुप्फुसं गेली. तेव्हा ती खूप रडली. पण आता घरात कमावणार कोण? शेठ म्हणाला, दसऱ्याला पूजा कर आणि पोराला मशीनवर उभं कर.

गेल्या साली, नवमीच्या रात्री, चंद्रकुमार पूजेचे हार घेऊन कारखान्यात गेला. सगळे घरी गेले होते. मेन स्विच बंद. त्यानं चाचपडत हार अडकवला आणि खाली बसला. श्वास पुरत नव्हता.

पंप सुरू झाला.

वीज नव्हती... पाणी पडत होतं. मशीनवर कोणीतरी वाकलेलं. मग तोच खोकला.

"उस्ताद?"

चंद्रकुमारनं हात जोडले.

"मले न्या, उस्ताद. आत्ता न्या. पण पोराले नोको जी... त्यानं हातबी नाही लावला अजून."

पाणी थांबलं.

सकाळी नारळ फुटला. चंद्रकुमारचा मुलगा अतुल नवा निळा शर्ट घालून मशीनपाशी आला. रात्रभर तो घरीच होता, आईजवळ.

"बटन दबा, बेटा," शेठ म्हणाला.

अतुलनं हात पुढे केला. थांबला. खाली पाहिलं. शर्टावर, छातीच्या मधोमध, ओला पंजा. पाचही बोटं. पांढरी. कुजक्या वासाची.

त्याच्याजवळ कोणीच नव्हतं.

"अरे, देखता क्या है? दबा!"

चंद्रकुमारनं तोंड उघडलं. 'दाब' म्हणायला, की 'जा' म्हणायला, ते त्याला आजही सांगता येत नाही. नुसता खोकलाच आला.

अतुलनं बापाकडे एकदा पाहिलं. आणि फाटकाबाहेर चालू लागला.