सर एव्हरार्डनी दिलेली घरं

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं एमॉसआजोबांनी बजावलं होतं. गावातली घरं अजून सर एव्हरार्डच्या इस्टेटीचीच आहेत ना. म्हणून मी फक्त लिहून ठेवतेय. हे त्यांच्या मित्राच्या, रूबेन सुताराच्या बाबतीत घडलं.

सर एव्हरार्ड खरंच भला माणूस. त्यांनी गावाला विहीर दिली, शाळा दिली, विटांची कोरडी घरं दिली. फक्त दाराला आतून कडी लावायची नाही. घर स्वच्छ आहे का ते बघायला ते केव्हाही, काठी टेकत, न ठोठावता येत. बिनलग्नाची गरोदर मुलगी सापडली, तर ते घर रिकामं करावं लागे. हेही ते प्रेमानंच सांगत.

ते वारले त्या वर्षी, दहा नोव्हेंबरला रात्री नऊ वाजता, रूबेन विधवा मिसेस पास्ककडे कडी बसवायला गेला. माडीवर तिची मुलगी लूसी लपली होती. सातवा महिना होता.

“घट्ट बसव रे बाबा.”

“मेलेल्या माणसाला भिता होय?”

“तू नको शहाणपणा शिकवू. अजून त्यांच्या फाटकासमोर टोपी काढतोस!”

रूबेन हसला. चार स्क्रू आवळले. कडी घातली.

बाहेर काठी वाजली. टक... टक...



दार उघडलं नाही. कडी हलली नाही. पण काठी आता आत वाजत होती. जिन्यावर. एक पायरी... दुसरी...

मग वरून तो मायाळू आवाज आला. “घाबरू नकोस, पोरी. पहाटेपर्यंत वेळ आहे.”

रूबेन हत्यारं टाकून पळाला.

उजाडायच्या आत मायलेकी बोचकं घेऊन निघून गेल्या. लूसी निराधारांच्या गरीबखान्यात वारली, बाळंतपणात. इस्टेटीचा कारभारी आजही सांगतो, “आम्ही कुठं त्यांना जा म्हटलं?”

“आणि कडी?” मी विचारलं.

आजोबांनी आवाज खाली आणला.

सकाळी रूबेन हत्यारं आणायला गेला. कडी टेबलावर होती. शेजारी चारही स्क्रू, ओळीनं मांडलेले. दारावरची भोकं बुजवलेली. वर हिरवा रंग. एका रात्रीत पार वाळलेला.

त्या घरात आता आम्ही राहतो. मघाशी मी दारावर बोट फिरवलं, तर रंग तिथं पुन्हा ओला—

“केझाया! पुरे झालं लिहिणं. दार नुसतं लोट आणि वर ये.” आजोबांनी वरून हाक मारली.