नावाचं ओझं

चष्मेवाल्याची जीभ एकाच ठिकाणी अडायची, स्वतःच्या नावावर. बाकी गिऱ्हाइकाशी तासभर बोलेल, पण कोणी "आपलं नाव?" म्हटलं, की गाडी रुतलीच! तशी नावाची गरजही कमीच. बायको 'अहो' म्हणे, मुलगी 'बाबा', मेहुणा 'भाऊजी'. पण मुलीच्या पदवीदान समारंभात प्राध्यापकांनी नाव विचारलं, हे महाशय अडकले, आणि शेजारच्या मेहुण्यालाच बाप समजून त्यांनी फोटोत उभं केलं. फोटोत मेहुणा दात काढून हसतोय. चष्मेवाला त्या दिवशी न्हाणीघरात जाऊन रडला होता.

आता रविवारी मुलीच्या होणाऱ्या सासरची मंडळी येणार होती. यावेळी बाप म्हणून बापानेच पुढे व्हायचं, असं त्याने ठरवलं.

म्हणून तो बोलताना अडखळणाऱ्यांच्या ऑनलाइन गटात शिरला. तिथला नियम एकच: खरं नाव सांगायचं नाही. त्याला स्वर्ग दोन बोटं उरला! तिथेच 'कोणीतरी' असं टोपणनाव घेतलेला एकजण भेटला. चष्मेवाल्याने त्याला सगळं सांगितलं, दुकान, घर, बायकोचं घोरणंसुद्धा. 'कोणीतरी' स्वतःबद्दल अवाक्षर काढत नसे, पण ऐकायचा मात्र मन लावून.

"ना नाव, ना गाव, आणि मैत्री जिवाभावाची!" बायको म्हणाली. "एक दिवस घर लुटून नेईल."

"नेऊ दे. सुरुवात तुझ्या भावापासून कर म्हणावं."

'कोणीतरी'ने सुचवलं, नाव तुकड्यातुकड्याने म्हणून पाठव. चष्मेवाल्याने पाठवलं. उलट ध्वनिसंदेश आला. त्यात पूर्ण नाव होतं, सफाईदार, न अडखळता. आवाज चष्मेवाल्याचाच होता.

"नक्कल छान करतोस रे!" त्याने लिहिलं.

"तुला जड होतंय, तर थोडे दिवस मला दे."

"घे बाबा, वापर!"

दुसऱ्या दिवशी कुरिअरवाल्याला त्याने दुकानातून हटकलं, "माझं भिंगांचं पार्सल?"

"ते मालक आत्ताच घेऊन गेले की. नाव सांगितलं, सही केली."

चष्मेवाल्याने तिथेच फोन काढला. त्याने गट उघडला. 'कोणीतरी' नावाचं तिथे कोणीच नव्हतं.

मेहुण्याने फोनवर विचारलं, "भाऊजी, तुमचं नाव काय हो? जिभेवर आहे, पण आठवत नाही." दोघेही हसले. चष्मेवाला जरा जास्तच वेळ हसत राहिला.

रविवारी तो नवा सदरा घालून पाहुण्यांना घ्यायला जिन्यापर्यंत गेला.

"नमस्कार, मी..."

जीभ अडली नाही. अडायला तिथे काही नव्हतंच.

पाहुणे वाट पाहत उभे राहिले. तेवढ्यात मागून कोणीतरी जिना चढत आला, हात जोडून हसला आणि त्याने चष्मेवाल्याचं ते नाव सांगितलं, स्वच्छ, खणखणीत. चष्मेवाल्याने चष्मा पुसून पाहिलं, तरी त्या माणसाचा चेहरा नीट दिसेना.

"बाबा, किती उशीर!" मुलगी धावत आली आणि त्या माणसाच्या गळ्यात पडली.

"अगं, मी इथे आहे! बाबा मी आहे!" चष्मेवाला ओरडला. एकदाही न अडखळता.

सगळी मंडळी आत गेली. बायको दारात थांबली, त्याच्याकडे पाहून गिऱ्हाइकासाठी ठेवलेलं हसू हसली.

"नंबर तपासायचा होता का? आज दुकान बंद आहे हो," ती म्हणाली, आणि तिने दार अगदी हळूच, अदबीने लावून घेतलं.