चाचणीला आलेली आत्या

या, असे जवळ सरकून बसा. आज एक गोष्ट सांगते. ऐकीव नाही हो. माझ्या मावसबहिणीच्या लेकीवर, आमच्या चिमणीवर बेतलेली. देवाशपथ खरी.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

चिमणी वेबसाइट बनवते. एका दवाखान्याच्या वेबसाइटचं पहिलं पान तिच्याकडे आलं होतं. पहिलंच मोठं काम. म्हाताऱ्या माणसांनाही कुणाला न विचारता डॉक्टरांची वेळ घेता यावी, एवढं ते सोपं हवं होतं.

त्याची चाचणी असते. नवख्या माणसाला आतल्या खोलीत संगणकासमोर बसवायचं. आपण बाहेरच्या खोलीत बसून त्याच्या माउसचा बाण पडद्यावर कुठे फिरतो ते बघायचं, तो काय पुटपुटतो ते ऐकायचं. पण तो कितीही अडला तरी चकार शब्द काढायचा नाही.

आपण सांगितलं की चाचणी फुकट गेली.

त्या दिवशी तिची आत्या येणार होती. "मला जमलं की जगाला जमलं," म्हणणारी.

आतल्या खोलीला लिफ्टकडून वेगळं दार होतं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला...

"आले गं चिमणे! हा मेला उंदीर हातात राहील तर शपथ!"

चिमणी हसली. बाण हलू लागला.

जरा वेळाने आवाज आला, "अगं, इथून बाहेर कसं पडायचं?"

परतीचं बटण दिसत नसेल, चिमणीला वाटलं.

बाण पानाच्या कडेकडेने फिरत होता. वर, खाली, पुन्हा वर... भिंत चाचपावी तसा.

"दार सापडत नाही गं."

ओठांवर आलेलं उत्तर तिने गिळलं.

"अंधार का केलास? जीव गुदमरतोय... चिमणे, बोल ना गं काहीतरी!"

पान तर पांढरंशुभ्र होतं.

चाचणी गेली खड्ड्यात! ती धावली. आतलं दार ढकललं.

खुर्ची टेबलाखाली सरकवलेली...

खोलीत कुणीच नव्हतं.

बाण मात्र फिरत होता.

तेवढ्यात रखवालदार जिन्यातून ओरडला, "ताई, लिफ्टमध्ये कुणी आजीबाई अडकल्यात!"

लिफ्टचं दार फोडलं, तेव्हा आत्या गार पडली होती. लिफ्ट दोन मजल्यांमध्ये कधीची बंद होती. ती वर पोचलीच नव्हती.

तिची नखं... दाराच्या फटीत तुटली होती.

चाचणीत दोन्ही खोल्यांमधलं सगळं बोलणं नोंदलं जातं. चिमणीने ते लावून ऐकलं. नुसती शांतता. आणि मध्येच, तिचं स्वतःचं हसणं.

ते पान आता सुरू झालंय. लोक म्हणतात, किती सोपं केलंय हो! पण रोज दुपारी कुणीतरी त्यावर येतं. एकही बटण दाबत नाही. चिमणीच्या पडद्यावर बाण कडेकडेने फिरत राहतो...

चिमणी त्या वेळी खुर्ची सोडत नाही. घरचं लग्न असो की अंगात ताप. "आत्या, मी आहे गं. बोलतेय बघ. ऐकू येतंय का?"

बाण थांबत नाही.

तुम्ही देवापुढे हात जोडाल ना, तेव्हा त्या आत्याची आठवण ठेवा. एवढंच म्हणा, देवा, तिला दार दाखव.